चार घरं, एक पासवर्ड आणि कराडचा टीव्ही

मी पुण्यात एका सहकारी बँकेत नोकरी करते. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ ग्राहकाला मी एक वाक्य हमखास सांगते: समोरचा कितीही गोड बोलला तरी ओटीपी फोनवर सांगायचा नाही. आणि संध्याकाळी त्याच बँकेच्या पार्किंगमध्ये, स्कूटरला किल्ली लावायच्या आधी, मी कराडला माझ्या वडिलांना, आप्पांना, फोन करून ओटीटीचा, म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या सेवेचा, कोड आकडा-आकडा करून सांगत उभी असायचे. जवळजवळ दीड वर्ष हे चाललं. ऑगस्ट २०२५ मधल्या एका बुधवारी त्याचा जो परिणाम झाला, त्यामुळे हे सगळं प्रकरण सविस्तर लिहून काढावंसं वाटलं. आमच्यासारखी, एका खात्यावर सासर-माहेर दोन्ही चालवणारी घरं पुष्कळ आहेत.

ज्या कंपनीच्या खात्याबद्दल लिहितेय तिचं नाव मुद्दाम देत नाही. प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

घरं आणि माणसं

खातं उघडलं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. सगळ्यात वरचा प्लॅन, एका वेळी चार पडदे. एक पडदा आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये. दुसरा कराडला माझ्या माहेरी, तिथे आई आणि आप्पा दोघंच असतात. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय चौऱ्याहत्तर. तिसरा डोंबिवलीला सासूबाई, दीर, जाऊबाई आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा यांच्याकडे. चौथा बंगळूरला माझ्या धाकट्या भावाकडे.

ईमेल माझा, मोबाइल नंबर माझा, कार्ड माझं. हे बसून कुणी ठरवलं नव्हतं. त्या दिवशी माझा फोन हाताशी होता, एवढंच कारण. पण त्या दिवसापासून चार घरांच्या टीव्हीचं जे काही होईल त्याची जबाबदार मी झाले. भावाला पासवर्ड आठवत नाही, ताईला विचार. डोंबिवलीत चित्र अडकतंय, वहिनीला फोन लाव. सासूबाईंच्या प्रोफाइलवर पुतण्यानं भलतंच काही पाहून ठेवलंय आणि आता त्यांना तसलंच सुचवलं जातंय, त्याचंही उत्तर माझ्याकडे. (त्यावर इलाज होता. २०२१ च्या आयटी नियमांनुसार या कंपन्यांना वयानुसार वर्गवारी दाखवावी लागते आणि तेरा वर्षांपुढच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप द्यावं लागतं. मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावली, मुलाला वेगळं प्रोफाइल दिलं, तो विषय एका रविवारी संपला.)

पहिली तीन वर्षं तशी सुखाची गेली. आप्पांना जुने सिनेमे आणि प्राण्यांवरचे माहितीपट आवडतात. आईला पाककृतींच्या स्पर्धा. कोविडच्या काळात जेव्हा आम्ही कराडला जाऊ शकत नव्हतो, तेव्हा आप्पा आणि मी ठरवून एकाच वेळी एकच माहितीपट लावायचो आणि मग फोनवर बोलायचो. म्हणून हे खातं माझ्यासाठी नुसती करमणूक नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढे ते तोडायला मी इतका वेळ का लावला, ते त्याशिवाय कळणार नाही.

‘घर’ या शब्दाचा अर्थ बदलला

२०२३ पासून भारतात चित्र बदलायला लागलं. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं इथल्या सभासदांना कळवलं की एक खातं एकाच घरातल्या माणसांसाठी आहे. जानेवारी २०२५ पासून प्राइम व्हिडिओनं एका सभासदत्वावर पाच उपकरणं आणि त्यात जास्तीत जास्त दोन टीव्ही अशी मर्यादा आणली. यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनमध्येही सभासदांनी एकाच पत्त्यावर राहणं अपेक्षित आहे. आमच्या कंपनीनंही तोच रस्ता धरला.

याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कंपन्यांना तो हक्क आहे. चार चुली वेगळ्या असतील तर चार सिलिंडर लागतात. आम्ही चार घरं एका खात्यावर चालवत होतो, ते त्यांनी कधी ना कधी थांबवलंच असतं.

अडचण झाली ती ‘घर’ कसं ओळखायचं यातून. कंपनीला आपला दरवाजा दिसत नाही, उंबरठा दिसत नाही. तिला दिसतो तो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक, उपकरणाची ओळख आणि खात्याचा वापर. एका टीव्हीला ‘मुख्य’ धरायचं, तो ज्या जोडणीवर आहे ते घर, बाकी सगळे बाहेरचे. बाहेरच्यांना अधूनमधून कोड मागायचा. आता आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना कायमचा आयपी पत्ता नसतो. राउटर बंद-चालू झाला की नवा मिळू शकतो. आणि आप्पा रोज रात्री झोपताना गॅसचा कॉक, मोटारीचं बटण आणि राउटरचं बटण अशी तीन बटणं न चुकता बंद करतात. वीज वाया जाऊ नये म्हणून चाळीस वर्षं पाळलेली सवय आहे, ती मोडा म्हणून मी सांगणार नव्हते. सांगून काही फरक पडला असता असंही वाटत नाही, कारण कराडचा टीव्ही तसाही ‘बाहेरचा’च होता.

म्हणजे, पुण्याचा टीव्ही मुख्य होता तोवर. मार्च २०२४ मध्ये कराडच्या पडद्यावर एक चौकट आली. त्यात दोन पर्याय होते: प्रवासात असाल तर तात्पुरता कोड घ्या, किंवा हे तुमचं घर असेल तर तशी नोंद करा. आप्पांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं. आपण घरातच बसलोय, प्रवासात नाही. त्यांनी खरं ते उत्तर दिलं. माझ्या ईमेलवर दुवा आला, मी बँकेत गडबडीत होते, न वाचता दाबला. कराड मुख्य घर झालं. रात्री पुण्यात आमचा टीव्ही बंद. नवऱ्यानं पुन्हा पुण्याची नोंद केली. दुसऱ्या दिवशी कराड बंद. त्याच आठवड्यात डोंबिवलीत दिरांनी हेच केलं. तीन घरं एकमेकांना बाहेर काढत होती आणि तिघांपैकी कुणाच्याही हे लक्षात येत नव्हतं, कारण प्रत्येकाला फक्त आपला पडदा दिसत होता. ईमेल माझ्याकडे येत होते म्हणून मला कळलं.

सात वाजून दहा मिनिटं

शेवटी पुणे मुख्य ठेवायचं आणि बाकीच्यांनी लागेल तसा कोड मागायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

कराडला संध्याकाळी सातला दिवा लावून झाला की आप्पा टीव्हीसमोर बसतात. चौकट आली की त्यांचा फोन येतो. मी बँकेत असेन तर फोन उचलता येत नाही. दिवसअखेरीचा हिशेब जुळवताना समोर रोख मोजलेली असते, मध्येच फोनवर बोललं की पुन्हा पहिल्यापासून. मग मी सातला निघाले की पार्किंगमध्ये जाऊन फोन करायचे.

“आप्पा, रिमोट घ्या. कोड पाठवा असं आहे ना, त्यावर या.”

“आलो.”

“मधलं बटण दाबा.”

“दाबलं. फिरतंय.”

माझ्या ईमेलवर कोड यायचा. चार आकडे. तो काही मिनिटांतच बाद होतो. मी एकेक आकडा सांगायची, आई पलीकडून तो मोठ्यानं म्हणायची, आप्पा रिमोटच्या बाणांनी पडद्यावरच्या त्या आकड्यापर्यंत जायचे. बाण दोनदा दाबला गेला की सातचा आठ व्हायचा. मग खोडायचं. खोडायचं बटण कोपऱ्यात. तिथून परत यायचं. यात वेळ संपला की पुन्हा नवा कोड.

आणि कधी कधी टीव्ही पूर्णच लॉगआउट व्हायचा. तेव्हा ईमेल आणि पासवर्ड दोन्ही घालावे लागायचे. पडद्यावरच्या त्या कीबोर्डवर ॲटचं चिन्ह दुसऱ्या पानावर असतं, कॅपिटल अक्षरासाठी वेगळं बटण. आप्पांनी हे सगळं एलआयसीच्या डायरीत लिहून ठेवलं होतं. पासवर्डचं एकेक अक्षर वेगळ्या चौकोनात, शाळेत शुद्धलेखनाच्या वहीत घालून द्यावं तसं. कॅपिटलखाली लाल पेननं रेघ. खाली सूचना: ‘दुसऱ्या पानावर जाणे. परत येणे. घाई करू नये.’ मी भावाला सांगितलं होतं की पासवर्ड बदलू नकोस, पण त्याच्या खोलीतल्या एका मित्रानं तो कुठेतरी वापरला म्हणून बदलावा लागला आणि कराडच्या डायरीतलं ते पान वाया गेलं. आप्पांनी त्यावर एकच तिरकी रेघ मारली आणि पुढच्या पानावर पुन्हा चौकोन आखले.

मला तेव्हा कशाचा त्रास होत होता, हे आता नीट सांगता येतं. वेळेचा होत होताच. पण आप्पांना रोज मागावं लागत होतं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाकडे उसनी साखर मागितली नाही, तो माणूस टीव्ही पाहण्यासाठी मुलीला विचारत होता, “आत्ता मोकळी आहेस का गं?” मी घाईत असले की ते लगेच म्हणायचे, “राहू दे, बातम्या बघतो.” हे ‘राहू दे’ हळूहळू वाढत गेलं. जुलैपर्यंत त्यांनी आठवड्यातून एकदाच फोन करायला सुरुवात केली होती. मला वाटलं कोड कमी लागतोय. आईनं नंतर सांगितलं की चौकट रोजच येते, पण ते तुला त्रास नको म्हणून टीव्ही बंद करून बसतात.

ऑगस्टमधला बुधवार

त्या महिन्यात माझ्या क्रेडिट कार्डाची मुदत संपली आणि नवं कार्ड आलं.

इथे थोडं बँकेचं सांगते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाची नोंदणी लागते, म्हणजे ई-मँडेट. नोंदणी करताना ओटीपीसारखी जादा खातरजमा होते. प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते आणि ग्राहकाला ती थांबवण्याची सोय असावी लागते. जादा खातरजमेशिवाय वसुलीची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. हा नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण माझ्या बाबतीत नव्या कार्डावर मँडेट पुन्हा नोंदवावं लागणार होतं आणि ते माझ्याकडून राहिलं. पैसे गेले नाहीत, खातं थांबलं. कंपनीचे ईमेल आले होते. ते बाकीच्या कोडांच्या ईमेलांत मिसळून गेले. एकाच पाठवणाऱ्याचे, दिसायला एकसारखे इतके ईमेल यायचे की त्यातला महत्त्वाचा ओळखूच आला नाही.

कराडला पडद्यावर वेगळीच चौकट आली. पैसे भरण्याची पद्धत तपासा, अशा अर्थाची, इंग्रजीत. आप्पांनी ती आपल्या चुकीची खूण मानली. मला फोन केला नाही. नातू झोपला असेल, उशीर झालाय, आणि आपण काहीतरी भलतं दाबलंय, ते आपणच निस्तरावं. मोबाइलवर त्यांनी कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं शोधलं. ॲपमध्ये मदतीचा विभाग होता, पण तिथे त्यांना नंबर दिसला नव्हता. शोधल्यावर मात्र पहिल्याच पानावर एक मोबाइल नंबर मिळाला.

पलीकडचा माणूस हिंदीत, अत्यंत आदरानं बोलला. सर म्हणाला, वय विचारलं, काळजी करू नका म्हणाला. मग म्हणाला, तुमचा टीव्ही इथून दुरुस्त करतो, त्यासाठी फोनवर एक ॲप घ्या आणि त्यात दिसणारा नंबर मला सांगा.

आप्पांनी ॲप घेतलं. आप्पांनी नंबर सांगितला.

मी नंतर त्यांना विचारलं, तुम्हाला शंका कशी आली नाही? ते पेपर नीट वाचतात, अशा फसवणुकीच्या बातम्या कापून ठेवतात. त्यांनी दिलेलं उत्तर मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, “अगं, आपण रोज असंच तर करतो. फोनवरचा माणूस सांगतो, मी दाबतो. कोड वाचून दाखवतो. मला वाटलं, ही यांची पद्धतच आहे.”

ते ॲप स्क्रीन शेअरिंगचं होतं. फोनचा पडदा समोरच्याला दिसतो, परवानग्या दिल्या तर फोन चालवताही येतो. अशा ॲपचा वापर करून खाती रिकामी होतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. आमच्या शाखेत त्याचा कागद बरेच दिवस भिंतीवर होता.

पुढची पायरी होती ‘थकलेले पाच रुपये’ यूपीआयनं भरण्याची. पाच रुपये हा बहाणा असतो; त्या निमित्तानं माणूस स्वतःच बँकेचं ॲप उघडतो आणि पिन दाबतो. आप्पांनी यूपीआय ॲप उघडायला घेतलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली. आईचं शिक्षण सातवीपर्यंत. तिनं स्पीकरवर ऐकलं की समोरचा विचारतोय, पेन्शन कुठल्या बँकेत जमा होते.

“टीव्हीवाल्याला पेन्शनचं काय करायचंय?” आई म्हणाली, आणि तिनं त्यांच्या हातातून फोन घेऊन बंद केला. नुसता कॉल तोडला नाही, फोनच बंद केला. स्क्रीन शेअरिंग चालू असताना करायची नेमकी तीच गोष्ट आहे.

मग तिनं तिच्या फोनवरून मला फोन लावला. रात्रीचे साडेनऊ. आधी आई बोलली, मग आप्पांनी फोन घेतला. पहिलं वाक्य होतं, “मी काही दाबलं का गं?”

पैसे गेले नाहीत. त्या रात्री आम्ही हे केलं: फोन चालू करण्याआधी घरातला राउटर बंद केला. फोन चालू झाल्यावर लगेच मोबाइल डेटा बंद. ॲप काढून टाकलं. आईच्या फोनवरून बँकेच्या अधिकृत नंबरवर कळवून आप्पांच्या खात्यावरची यूपीआय सेवा तात्पुरती थांबवली. सकाळी आप्पा स्वतः शाखेत गेले, पासबुक भरून आणलं, पिन नवीन केली. पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० वर, सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला करायचा असतो आणि तो जितक्या लवकर जाईल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे गेलेले नसतील, फक्त संशयित कॉल असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षु’ नावाची सोय आहे, मार्च २०२४ पासून. तिथे तो नंबर आम्ही कळवला.

दोष कुठे होता

चार-पाच दिवस घरात सगळे आप्पांना समजावत होते. भाऊ बंगळूरहून व्हिडिओ कॉल करून. दीर डोंबिवलीहून. मीही. आप्पा ऐकून घेत होते. मग मला जाणवलं की आपण चुकीच्या माणसाला समजावतोय.

फसवणूक करणारा आप्पांपर्यंत पोहोचला तो त्यांच्या अडाणीपणामुळे नाही. त्यांना दीड वर्ष त्याच गोष्टीचा सराव दिला गेला होता आणि सराव देणारी मी होते. फोनवरचा आवाज सांगेल ते दाबा. पडद्यावरचे आकडे वाचून दाखवा. वेळ संपत चाललाय, घाई करा. तो माणूस आणि मी यात आप्पांच्या दृष्टीनं फरक एवढाच होता की मी त्यांची मुलगी आहे. बाकी कृती तीच.

खात्याची रचना अशी होती की ज्याच्या घरात टीव्ही आहे त्याच्या हातात काहीच नाही, आणि ज्याच्या हातात सगळं आहे ती शंभर-सव्वाशे मैलांवर. असं खातं चालवायचं तर कोड फोनवरून फिरवण्यावाचून मार्ग नाही. त्यामुळे ‘आप्पांना शिकवू’ हा उपाय नव्हता. दुसऱ्याच्या ताब्यातलं खातं वापरायला किती शिकवणार?

भावानं सुचवलं की आपल्या ईमेलवरचे कोड आपोआप आप्पांच्या फोनवर जातील अशी व्यवस्था करू. ते करता आलं असतं. पण मग माझ्या ईमेलचा एक तुकडा कराडला, एक डोंबिवलीला, आणि पासवर्ड बदलला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी नाही म्हटलं. आप्पांच्या टीव्हीचा कोड आप्पांच्या फोनवर आला पाहिजे, कारण खातं त्यांचं असलं पाहिजे.

वेगळं करणं

पैशांचा भाग सोपा होता. कराडला त्यांची फायबर जोडणी देणारा स्थानिक माणूस आहे, त्याच्याकडे ओटीटीसह प्लॅन होता. आमची कंपनी त्यात नव्हती, पण माहितीपट आणि मराठी सिनेमे भरपूर होते. तीन महिन्यांचं एकदम भरायचं, आपोआप वसुली नाही. आप्पांना हेच हवं होतं. “जेवढं बघायचं तेवढं मोजून द्यायचं. मागच्या दारानं पैसे जायला नकोत.” शिवाय काही अडलं तर तो माणूस घरी येतो. माझ्या मते या वयाच्या माणसांसाठी कुठल्याही प्लॅनमधली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे: ज्याचा चेहरा माहीत आहे असा माणूस.

नोंदणी आप्पांच्या मोबाइल नंबरवर, आप्पांच्या यूपीआयनं, त्यांच्याच हातानं. मी त्या शनिवारी कराडला गेले, पण फोनला हात लावला नाही. खुर्चीवर शेजारी बसले. पाऊण तास लागला. ओटीपी त्यांच्या फोनवर आला तेव्हा त्यांनी सवयीनं तो मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या आकड्यावर थांबले. माझ्याकडे पाहिलं. उरलेले आकडे मनात वाचून टाइप केले.

त्याच दिवशी आम्ही दोघांनी आपापल्या यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा भाग उघडला. माझ्याकडे तीन मँडेट निघाले, त्यातलं एक भावानं कधीतरी माझ्या फोनवरून दोन रुपयांत आठवडाभर पाहायला घेतलेल्या सेवेचं. आठवडा संपल्यावर पूर्ण रक्कम सुरू झाली होती. ते त्या सेवेच्या ॲपमधून बंद करायला गेले तर तो पर्याय सापडेना. यूपीआय ॲपमधून मँडेट रद्द केलं, एका मिनिटात झालं. सभासदत्व रद्द करण्याची वाट लपवून ठेवणं हा ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ नावाचा प्रकार, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केलेल्या तेरा डार्क पॅटर्नपैकी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्यांपैकी, एक आहे. अशी तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. मी नोंदवली.

भावाचं तर काहीच अडलं नाही. त्यानं स्वतःपुरता मोबाइलवरचा छोटा प्लॅन घेतला.

अवघड होती डोंबिवली. कराडचं वेगळं केलं आणि सासरचं तसंच ठेवलं, तर खर्च आणि कटकट तीच. दोन्ही वेगळं केलं, तर माहेरी जाऊन बसवून दिलं आणि आम्हाला फोनवर कळवलं, असं होणार. हे मला आधीच दिसत होतं आणि तरी मी चूक केली. मी दिरांना मेसेज केला: पुढच्या महिन्यापासून आपापली खाती करूया, कोडचा फार त्रास होतोय. दिरांनी अंगठा दाखवला. त्यांना काहीच वाटलं नाही.

रात्री सासूबाईंचा फोन आला, नवऱ्याला नाही, मला. “आम्हाला काढलंस का गं त्यातून?”

टीव्ही त्यांच्यासाठी दुय्यम होता. पडदा उघडला की चार-पाच नावं ओळीनं दिसतात: आमचं, मुलाचं, त्यांचं, पुतण्याचं. सासूबाई त्या पानाला ‘आपली सगळी’ म्हणायच्या. रोज संध्याकाळी त्यांना पुण्याच्या नातवाचं नाव तिथे दिसायचं. मी ज्याला खातं म्हणत होते ते त्यांच्या लेखी एकत्र असल्याची खूण होती. कोविडमध्ये आप्पांबरोबर माझंही तसंच होतं की. मला ते आधी सुचायला हवं होतं.

मी त्यांना बुधवारची गोष्ट सांगितली. तोवर कुणी सांगितली नव्हती, कारण आप्पांना ती व्याह्यांकडे कळावी असं वाटत नव्हतं. मी आप्पांना विचारून मगच सांगितली. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मलाही आला होता तसा फोन. मी सांगितलं नाही कुणाला.” विजेचं बिल राहिलंय, रात्री लाइन तोडू, असा. त्यांनी दिरांना न सांगता तो नंबर वहीत लिहून ठेवला होता, पुन्हा आला तर ओळखायला.

त्यानंतर नवरा डोंबिवलीला गेला आणि त्यानं समोर बसून बोलणं केलं. ते माझ्याऐवजी त्यानंच पहिल्यांदा करायला हवं होतं. ठरलं ते असं: मूळ खातं बंद करायचं नाही. ते डोंबिवलीला द्यायचं. तिथे माणसं जास्त आहेत, टीव्ही जास्त चालतो. मुख्य घर डोंबिवली, पैसे दीर भरणार. आम्ही पुण्यात खालचा प्लॅन घेतला. मुलाचं नाव डोंबिवलीच्या पडद्यावर तसंच ठेवलं आहे. तिथे गेला की तो ते वापरतो.

सध्या

कराडची तिमाही दोनदा भरून झाली, दोन्ही वेळा आप्पांनी मुदतीच्या चार दिवस आधी. पावती एलआयसीच्या डायरीत त्या तारखेच्या पानावर टाचलेली असते. एकदा टीव्ही लॉगआउट झाला तेव्हा फायबरवाल्याचा मुलगा आला होता. त्यानं ओटीपी विचारला, तर आप्पांनी फोन खिशात ठेवून रिमोट मागितला आणि स्वतः घातला. मुलाला राग आला नाही, असं आईनं आवर्जून सांगितलं.

राउटर रात्री अजूनही बंद होतो.

डोंबिवलीच्या खात्याचा मोबाइल नंबर आणि कार्ड बदलून झालं. ईमेल मात्र अजून माझाच आहे. दिरांचा जुना ईमेल उघडत नाही, नवीन काढायचा राहिलाय. त्यामुळे महिन्यातून एखादा कोड माझ्याकडे येतो. मी तो फोनवर सांगत नाही. दिवाळीत दीर पुण्याला येतील तेव्हा लॅपटॉप घेऊन दोघांनी बसायचं आणि तेवढं एक उरकायचं, असं त्यांना कळवलं आहे.